रिकामा खडक कोणाचा? समुद्रशेवाळाचं वैविध्य मोजायला निघालेल्या खान्देशी नवख्यांसाठी

दर हिवाळ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची वनस्पतिशास्त्राची मुलं कोकणात सहलीला जातात. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून हिरवं, तपकिरी, तांबडं शेवाळ गोळा करतात, पिशव्या भरतात आणि गाडीत बसतात. घरी आल्यावर नमुन्यांची नावं लागतात, फाइल जमा होते, पण त्या खडकावर काय चाललं होतं हे वहीत कुठेच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. एवढा लांबचा प्रवास करून समुद्रावर जायचं, तर निदान एक प्रश्न बरोबर घेऊन जावं.

मी मुलांना देतो तो प्रश्न असा: जिथे शेवाळाच्या पुष्कळ जाती एकत्र नांदतात, तिथे बाहेरून आलेल्या जातीला शिरकाव करणं अवघड जातं का? जगभर यावर काम झालं आहे आणि उत्तर सरळ ‘हो’ असं नाही. त्यामुळेच नवख्याने हात घालावा असा हा प्रश्न आहे. यातलं निम्मं काम आपल्या गावच्या गायरानावर होतं, उरलेलं समुद्रावर.

आधी वावरात बघा

कपाशीची लावणी झाली की दोन ओळींमध्ये महिनाभर उघडी माती असते. पहिला पाऊस पडला की त्याच पट्ट्यात तण उठतं आणि निंदणीला बाया लावाव्या लागतात. त्याच पट्ट्यात कोणी मूग किंवा उडीद पेरला असेल तर तिथे तण कमी. यात मुगाची जादू काही नाही. ऊन, ओल आणि जागा मुगाने आधीच घेतलेली असते, तणाला उरतं ते थोडं.

चार्ल्स एल्टन या इंग्रज परिसरशास्त्रज्ञाने 1958 मध्ये हीच गोष्ट मोठ्या पातळीवर मांडली: साधे, मोजक्या जातींचे समूह परक्या जातींना लवकर बळी पडतात, भरगच्च समूह टिकाव धरतात. त्यानंतरची सगळी चर्चा या विधानाभोवती फिरते. जाती जास्त म्हणजे उन्हाचा, पोषणाचा, जागेचा प्रत्येक कोपरा कोणी ना कोणी वापरत असतं, हा त्यामागचा तर्क.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. गाजरगवत घ्या. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं. त्याला मागे रेटायला कृषी सल्ल्यात तरोटा सुचवतात. तरोटा ही एकच जात, पण पहिल्या पावसाबरोबर उगवते, दाट वाढते आणि गाजरगवताला हवं तेच ऊन त्याच दिवसांत खाऊन टाकते. म्हणजे दहा जाती असूनही काम होणार नाही अशी जागा असते आणि एक नेमकी जात पुरते अशीही जागा असते. किती जण आहेत याच्याइतकंच कोण आहे, कधी वाढतं आणि कोणाची जागा अडवतं हे महत्त्वाचं. शेवाळाच्या अभ्यासातही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

समुद्रात काय घडलं

1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्या शेवाळाचा साधारण एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळलेलं शेवाळ बाहेर पडलं होतं. पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर त्याने मैलोन्‌मैल हातपाय पसरले. कॉलर्पाचं शरीर म्हणजे आत आडव्या भिंती नसलेली एकच प्रचंड पेशी असते आणि तुटलेला तुकडाही नवं शेवाळ होऊन वाढतो. 2000 मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं तेव्हा तिथल्या लोकांनी ठिपक्यांवर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडला आणि 2006 मध्ये ते संपल्याचं जाहीर केलं. वेळेत दिसलं म्हणून जमलं.

सरगॅसम म्युटिकम हे मूळचं जपानकडचं तपकिरी शेवाळ 1973 मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइटवर खडकाला धरून वाढताना सापडलं. आपल्याकडे तमिळनाडूच्या मंडपम भागात लागवडीसाठी आणलेलं कप्पाफायकस अल्वारेझी हे तांबडं शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर चढल्याचं 2008 मध्ये भारतीय संशोधकांनी छापील लेखात दाखवलं.

या गोष्टींतून ‘परकं वाईट’ एवढंच शिकू नका. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर उंडारिया हे जपानकडचं शेवाळ आलं, तेव्हा तिथल्या मोठ्या स्थानिक शेवाळांचं छत शाबूत असलेल्या जागी त्याला पाय रोवता येईना. छत काढून टाकलेल्या जागी मात्र ते झपाट्याने बसलं. आणि 1999 मध्ये जॉन स्टॅखोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, शेवाळावर नव्हे तर खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांवर, एक नेटका प्रयोग केला. छोट्या फरशांवर स्थानिक जातींची संख्या शून्यापासून चारपर्यंत ठेवली आणि परकी जात सोडली. स्थानिक जाती जितक्या जास्त, तितके परके कमी टिकले. कारणही त्यांनी शोधलं: प्रत्येक जातीचा भर वेगळ्या महिन्यात असतो. एक ओसरते तेव्हा दुसरी पसरते, म्हणून फरशी वर्षभर रिकामी पडत नाही. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. रिकामी जागा किती, आणि ती कोणत्या महिन्यात, हे आपल्याला मोजायचं आहे.

चौकट

बाजारातून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि चार कोपरे आणा. आतलं माप 50 सेंटिमीटर गुणिले 50 सेंटिमीटर येईल अशी चौकट जोडा. प्रत्येक बाजूला 10, 20, 30 आणि 40 सेंटिमीटरवर बारीक भोक पाडा आणि उभी-आडवी नायलॉनची दोरी ओवा. 25 खाने तयार होतात, एक खाना म्हणजे 4 टक्के. सुतळी वापरू नका, भिजली की फुगते आणि ढिली पडते. भोकांमधून पाणी पाइपमध्ये शिरतं हे चांगलंच, नाहीतर डबक्यात चौकट तरंगत बसते.

बाकी सामान थोडं: 20 मीटरचा टेप, शिसपेन्सिल, प्लास्टिकच्या पाटीला चिमट्याने लावलेला जाड कागद, भिंग, फोन, पांढरा ट्रे. शाईचं पेन घरीच ठेवा.

सराव गायरानावर

समुद्रावर ओहोटीचे दोन-तीन तासच मिळतात. तिथे उभं राहून चौकट कशी वाचायची हे शिकायला वेळ नसतो, म्हणून सराव पावसाळ्यात गावी करायचा. आणि गायरानावर तर खरोखरचा परका आपल्या समोर असतो.

तीन जागा निवडा: चराईबंदी असलेलं गवताळ रान, नेहमीचं चरलं जाणारं गायरान, आणि जेसीबीने खरवडलेली रस्त्याची कड. धुळे तालुक्यातल्या लामकानीसारख्या गावांनी चराई थांबवून डोंगर राखले आहेत, अशी जागा जवळ असेल तर भाग्यच. तिथे मारवेल, पवन्या, कुसळी एकत्र दिसतात. प्रत्येक जागी दहा चौकटी टाका. कुठे टाकायच्या हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण नजर आपोआप सुंदर झाडाकडे जाते. टेप अंथरा, 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, निघेल त्या मीटरवर चौकट ठेवा.

प्रत्येक चौकटीत चार गोष्टी लिहा: जाती किती, कोणती किती खाने व्यापते, उघडी माती किती खाने, गाजरगवताची रोपं किती. नाव माहीत नसलेल्या गवताला ‘गवत क’ म्हणा आणि फोटो काढा, नाव नंतर लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालायचेच. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, कुणाकुणाला दम लागतो. एका वर्षी आमच्या गटातल्या एका मुलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिला आधी त्रास नव्हता म्हणून तिने मोजे काढून ठेवले होते. तेव्हापासून ‘मला काही होत नाही’ हे मी ऐकून घेत नाही.

हे एकदा जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमारास आणि एकदा सप्टेंबरमध्ये करा. एकाच महिन्याचा आकडा दिशाभूल करतो. सप्टेंबरमध्ये सगळीकडे हिरवं दिसतं. गाजरगवताचं बी रुजतं तेव्हा माती उघडी होती का, हे जूनच सांगतो.

दिवस कसा निवडायचा

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही न्याहारी करून सकाळी अकराला खडकांवर पोहोचलो. पौर्णिमा होती. समोर पाणीच पाणी. चाळीस मुलं आणि एक उघडा खडक नाही. रात्रभराचा प्रवास त्या एका चुकीने वाया गेला. पुढच्या वर्षीपासून मी आधी पंचांग काढतो आणि मग गाडी ठरवतो.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला 6 वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागावात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून हा हिशेब अंदाजापुरता वापरा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर नक्की करा.

पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, म्हणजे ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास ओहोटी उथळ, खालचा खडक उघडतच नाही. सगळ्यात सोयीचे दिवस पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे, प्रतिपदा ते तृतीया. पाणी अजून चांगलं मागे जातं, आणि द्वितीयेला ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास येते, म्हणजे उजेड भरपूर. रोज ती पाऊण तास पुढे सरकते. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यावर हजर राहा, पाणी उतरेल तसं खाली जा, फिरलं की वर या.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातल्या लाटा खडक धुऊन नेतात, पावसाळ्यानंतर शेवाळ पुन्हा बसायला लागतं आणि हिवाळ्यात भरात असतं.

जागा

मुलं दरवर्षी विचारतात, आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, नंदुरबारहून सुरत जवळ, मग तिकडेच का जायचं नाही? तापी-नर्मदेचा गाळ खंबातच्या आखातात पसरतो. पाणी गढूळ, ऊन खाली पोहोचत नाही, आणि शेवाळाला धरून बसायला खडक लागतो, तिथे चिखल. म्हणून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरसारखा खडकाळ किनारा बरा. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. इतर ठिकाणीही स्थानिक मच्छीमारांना आधी सांगून ठेवा. कुठल्या दगडावर पाय घसरतो आणि लाट कुठून येते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

खडकावर

टेप पाण्याच्या रेषेला समांतर अंथरायचा, वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन उंचींवर. प्रत्येक उंचीवर दहा चौकटी. उंची बदलली की जाती बदलतात, म्हणून वरच्या पट्ट्याची तुलना खालच्याशी करायची नाही.

नवख्याने जातींची पाठांतरं करत बसू नये. आधी ठेवण, म्हणजे शरीराचा आकार, ओळखा. उल्वा पातळ हिरव्या पानासारखा, प्लास्टिकच्या पिशवीइतका पारदर्शक. किटोमॉर्फा केसांसारखा. कॉलर्पा जमिनीवर पळणाऱ्या हरळीसारखा, आडवी दोरी आणि त्यातून वर आलेली पिसं. पॅडिना छोट्या पंख्यासारखी, पंख्यावर चुन्याच्या पांढरट कमानी. सरगॅसम झुडपासारखा, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे. अँफिरोआ तांबूस, सांध्यासांध्याची, वाकवली तर कट्कन मोडते कारण अंगात चुना असतो. आणि खडकालाच रंग दिल्यासारखा गुलाबी पापुद्रा दिसतो, तोही शेवाळच आहे. पाच-सहा ठेवणी ओळखता आल्या की काम सुरू करा. आपल्या प्रश्नाला जातींइतकीच ठेवण लागते, कारण छत धरणारा वेगळी जागा अडवतो आणि पापुद्रा वेगळी.

चौकट ठेवली की आधी वरचं छत मोजा. मग सरगॅसम हाताने हलकेच बाजूला सारा, उपटू नका, आणि खालचा थर मोजा. दोन्ही मिळून बेरीज 100 टक्क्यांच्या वर जाते, ते बरोबरच आहे. कालवं, बार्नेकल (खडकाला चिकटलेले कवचवाले छोटे प्राणी), वाळू यांचे खाने वेगळे लिहा. शेवटी मोकळ्या खडकाचे खाने. हा रकाना मुलं सगळ्यात जास्त विसरतात आणि मला तोच सगळ्यात जास्त हवा असतो.

समुद्रावर परका सोडून बघायचा प्रयोग कोणीही करू नये. एका किनाऱ्याचा तुकडा दुसऱ्या किनाऱ्यावर टाकायचा नाही, टाकीतलं शेवाळ गिरणेत, तापीत, विहिरीत ओतायचं नाही. परक्याचा खरा आकडा आपल्याला गायरानावरून मिळाला आहे. खडकावर आपण दार किती उघडं आहे एवढंच मोजतो.

नमुना कागदावर

तुटून वाहत आलेले नमुने घ्या, तेवढे पुरतात. ट्रेमध्ये समुद्राचं पाणी भरा, जाड कागद पाण्याखाली सरकवा, शेवाळ वर तरंगू द्या. पाण्यातच सुईने फांद्या मोकळ्या करा. मग कागद एका कडेने तिरपा करत हळू वर उचला, पाणी ओघळत जातं आणि फांद्या जिथल्या तिथे बसतात. घाई केली की सगळा गोळा होतो. वर मलमलचं फडकं, खाली-वर वर्तमानपत्र, त्यावर वजन. फडकं नसेल तर शेवाळाचा चिकट रस वर्तमानपत्राला धरतो आणि नमुन्यावर बातमी छापली जाते. कागद रोज बदला. उल्वासारखी नाजूक शेवाळं स्वतःच्याच रसाने कागदाला चिकटतात, गोंद लागत नाही.

हिशेब

समजा, एका चौकटीत छत म्हणून सरगॅसम 15 खाने आहे. खाली अँफिरोआ 9, गुलाबी पापुद्रा 9, पॅडिना 4, उल्वा 2, मोकळा खडक 1. जाती पाच, मोकळी जागा 4 टक्के. दुसऱ्या चौकटीत जाती सात, पण सगळ्या मिळून 11 खाने, मोकळा खडक 14 म्हणजे 56 टक्के. नुसत्या जाती मोजणारा म्हणेल दुसरी चौकट भक्कम. पण बाहेरून आलेला बीजाणू बसेल कुठे? दुसऱ्या चौकटीत त्याला अर्ध्याहून जास्त खडक मोकळा आहे.

म्हणून आलेख दोन काढा. पहिल्यात आडव्या अक्षावर जातींची संख्या, दुसऱ्यात ठेवणींची संख्या, आणि दोन्हींत उभ्या अक्षावर मोकळी जागा. गायरानाच्या आकड्यांचेही असेच काढा आणि तिथे उभ्या अक्षावर गाजरगवताची रोपं घ्या. चारही कागद टेबलावर शेजारी मांडून बघा.

फसगत इथे होते

लहान चौकटीत बहुधा जाती जास्त तिथे परके कमी दिसतात. पण अख्खी गावं किंवा अख्खे किनारे एकमेकांशी ताडून पाहिले तर उलटं दिसू शकतं: जिथे स्थानिक जाती जास्त तिथेच परकेही जास्त. पाणी, ऊन, पोषण चांगलं असलेली जागा सगळ्यांनाच मानवते. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. म्हणून अहवालात चौकटीचं माप पहिल्याच ओळीत लिहा आणि 50 सेंटिमीटरच्या आकड्यावरून संपूर्ण कोकणाबद्दल विधान करू नका.

दुसरं असं की जाती जास्त असल्या की त्यात एखादी तरोट्यासारखी दांडगी असण्याची शक्यताही वाढते. मग यश संख्येचं की त्या एकीचं? हे तपासायला ती एक जात असलेल्या चौकटी बाजूला काढा आणि उरलेल्यांचा आलेख पुन्हा काढा. कल तोच राहिला तर संख्येला अर्थ आहे.

तिसरं, कार्यकारणाची दिशा. रस्त्याच्या कडेला गाजरगवत जास्त आणि गवतं कमी. गवतं कमी म्हणून गाजरगवत आलं, की गाजरगवताने गवतं हटवली, की जेसीबीने दोघांचं नशीब एकदमच ठरवलं? एका भेटीत हे कळत नाही. त्याच चौकटीच्या जागी खुंटी ठोकून पुढच्या जूनमध्ये परत जावं लागतं.

परतीच्या आदल्या संध्याकाळी चौकट, ट्रे आणि बुटांचे तळवे गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवा. दोरीच्या गाठीत अडकलेला हिरवा धागा नखाने काढा. गायरानावरून आल्यावरही तळव्यांतली माती तिथल्या तिथेच झाडायची, तिच्यात गाजरगवताचं बी असतं. आणि खुंट्यांचे क्रमांक, जागा आणि पुढच्या भेटीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ती वही दुसऱ्या मुलांच्या हातात असेल.